शिंदीचा ओढा आणि वेशीवरची पाटी

सुरुवातीलाच माफी मागतो. प्रवासवर्णन लिहिणाऱ्याने हिमालय नाही तर निदान समुद्र तरी पाहिलेला असावा. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि माझा प्रवास नांदेडहून कंधारमार्गे आत्याच्या गावापर्यंतचा. तरी लिहितो. चुकले तर सांभाळून घ्यावे.

लातूर जिल्हा नवा झाला, त्या दुष्काळातली ही हकिकत. कंधारला एसटी बदलली. किल्ल्याच्या खंदकात शेळ्या फिरत होत्या. पुढे फाट्यावर उतरून चालत निघालो. दोन्ही बाजूंची ज्वारी वीतभर वाढून वाळली होती.

आत्याने दारात तांब्या दिला. सवयीने मी तो सगळा पायांवर ओतला. ती ओल्या मातीकडे बघत राहिली. जेवायला भाकरी आणि येसराची (भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची) आमटी होती. पाणी मागायचा मला धीर झाला नाही.

संध्याकाळी आत्याच्या मागोमाग, तिचे सासरे नागप्पातात्या यांच्यासोबत ओढ्यावर गेलो. ओढा म्हणजे नुसती वाळू. एकच झिरा (पाणी पाझरावे म्हणून वाळूत उकरलेला खड्डा) जिवंत होता, तोही पलीकडच्या काठाला. पलीकडचे गाव नव्या जिल्ह्यात गेलेले. त्यांनी झिऱ्याभोवती बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या.

"तुमच्या जिल्ह्याला मागा की पाणी!" पलीकडून एक बाई ओरडली.

"तुझ्या लेकीच्या लग्नाला आमच्या हिरीचं पाणी नेलं, तवा कोणता जिल्हा व्हता गं?" आत्याने विचारले.

बाईने मान खाली घालून अर्धी घागर भरू दिली.

तात्या काठावर बसले. "हितं दोन्हीकडं शिंदीची झाडं व्हती, दाट. तिच्या ताडीवरच्या करानं निजामाला लई पैसा मिळायचा. मुलूख हिंदुस्थानात जावा का न्हाई, आमाला कोण इचारतंय? मतपेटी न्हवती बाबा. मंग आमी ह्या काठानं, पलीकडच्यांनी त्या काठानं, दिवसाढवळ्या शिंदी तोडली. आमचं मत पडलं ते असं."

"मार बसला?"

"बसला की! पर आधी तोडलं, मंग फैसला आला." समोरच्या काठाकडे बोट करून म्हणाले, "काठ ढासळला तो तवापासून. शिंदीनं माती धरली व्हती."

विलीनीकरणावर मी परीक्षेत उत्तर लिहिले होते. त्यात हा ओढा नव्हता.

सकाळी महादेवाच्या देवळापुढे गाव जमले. आपणही लातूर जिल्ह्यात जायचे. जिल्हा एक झाला की काट्या निघतील, असे बहुतेकांचे म्हणणे.

"आन् नांदेडाकडचे सोयरे?" एकाने विचारले.

"सोयरे जिल्हा बघून येत्यात व्हय? जेवण बघून येत्यात!"

लोक हसले आणि सगळे हात वर झाले. सरकारकडे अर्ज पाठवायचे ठरले. पण वाट बघणे तात्यांना मंजूर नव्हते.

"आधी वेशीवरची पाटी बदला. हे कॉलेजचं पोरगं लिहील."

"तात्या, मंजुरी आल्यावर लिहू," मी चाचरत म्हणालो.

"शिंदी तोडताना कुणाची मंजुरी व्हती रे?"

चुन्याने लिहिलेले 'नांदेड' पुसून मी पांढऱ्या ऑइलपेंटने 'जि. लातूर' लिहिले. पलीकडचेही बघायला आले. त्या संध्याकाळी काट्यांत माणूस जाईल एवढी वाट झाली. आत्याने भरलेली घागर आणली आणि मला तांब्याभर पाणी दिले. मी ते दोन्ही हातांनी धरून प्यालो.

परतताना वेशीपाशी थांबून पाटी पुन्हा वाचली. आपण वाचतो त्या इतिहासाला आज आपला हात लागला, असे वाटले. कंधारच्या खंदकातल्या शेळ्या मात्र तशाच फिरत होत्या.

बरेच दिवस काही कळले नाही. मग आत्याचा दीर बाजाराला नांदेडला आला, तो वसतिगृहावर भेटला. अर्ज नामंजूर झाला होता. गाव नांदेडातच राहिले, काट्या परत पडल्या.

"निदान नांदेडचा टँकर तरी?" मी विचारले.

"आलता की. डायवर नवा. पाटी वाचली, म्हणला हे आपल्या जिल्ह्यातलं गाव न्हाई, आन् वेशीवरूनच वळवला. बाया घागरी घेऊन मागं पळाल्या."

मी त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

"तात्या कुऱ्हाडीनं पाटी खरवडायलेत," तो म्हणाला. "पर तुझा रंग लई पक्का बसलाय. निघंना."