बाबांनी सापुताऱ्यात केलेला चहा

निवृत्त झाले त्या दिवशी बाबांनी आईला वचन दिलं होतं की तुला डोंगरात नेईन आणि सकाळचा चहा मी स्वतः करून तुझ्या अंथरुणात आणून देईन. यात अडचण एकच होती. बाबांनी आयुष्यात कधी गॅस पेटवला नव्हता. कोयलीच्या रिफायनरीत त्यांची अख्खी नोकरी सेफ्टी विभागात गेली, म्हणजे लोकांना काडी ओढू न देण्यात. घरी शेगडीशी त्यांचा संबंध बाहेरच्या खोलीतून 'वास येतोय का गं?' असं विचारण्यापुरता. त्यामुळे वचन काही वर्षं नुसतं पडून राहिलं. आई आठवण द्यायची आणि बाबा हवामान खराब असल्याचं सांगायचे.

हॉटेलात जायला आई तयार नव्हती. तिथे दोरीची पुडी गरम पाण्यात बुचकळतात आणि त्याला चहा म्हणतात, हे तिचं दुःख. शेवटी माझ्या भावाने तोडगा काढला. गोरव्याला एक गृहस्थ टेम्पो ट्रॅव्हलरची घरगाडी करून भाड्याने देतात. आत झोपायला बाकं, बेसिन, शेगडी आणि छोटा सिलिंडर. शेगडीची ठिणगी पाडणारी कळ तेवढी बिघडली होती. "बेन, लायटर लई जजो, बाकी बधुं अंदर छे," असं मालकाने मला बजावलं. मी लायटर घेतला, वर एक काडेपेटीही घेतली. हे मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे सगळं खापर माझ्यावर फोडायचा प्रयत्न झाला.

निघायच्या सकाळी बाबा सोसायटीच्या फाटकाशी वॉचमनच्या शेजारी उभे. गाडीत सिलिंडर आहे, तेव्हा झडती होणार. रिफायनरीत शिरताना काडेपेटी, लायटर सगळं गेटवर जमा करून पावती म्हणून बिल्ला घ्यायचा असतो, हे आमच्या घरात बाराखडीच्या आधी शिकवलेलं. आम्ही निमूटपणे खिसे रिकामे केले. माझा लायटर, माझी काडेपेटी, आईची देवापुढची काडेपेटी. भावाच्या बॅगेतूनही एक लायटर निघाला. तो म्हणाला, ऑफिसातल्या मित्राचा आहे. मित्राचं नाव त्याला आठवेना. आईने त्याच्याकडे असं पाहिलं की भरूच येईपर्यंत तो एक शब्द बोलला नाही, नुसती गाडी चालवत राहिला.

मला वाटलं, बाबा ते सामान स्वतःजवळ कुलपात ठेवतील. आईलाही तसंच वाटलं. सगळ्या घराला एकमेकांवर एवढा विश्वास असणं चांगलं नाही.

घाटात प्रत्येक वळणाला बेसिनखालचं दार आपोआप उघडायचं आणि पातेलं बाहेर यायचं. मी पायाने ते आत ढकलायची, पुढच्या वळणाला ते परत हजर. वर एका शेतकऱ्याने अशा गाड्यांसाठी माळ मोकळा ठेवलाय, तिथे आम्ही गाडी लावली. समोर दरी, दरीत ढग, पलीकडे एकामागे एक निळे डोंगर. आई बराच वेळ काही बोलली नाही. आमच्याकडे हे क्वचित घडतं. मग पदर खोचून म्हणाली, चला, उद्याचा तुमचा, आत्ताचा चहा मी टाकते, लायटर द्या.

बाबांनी शर्टाच्या खिशातून पितळी बिल्ला काढला आणि तिच्यापुढे धरला.

"सगळं गेटवर जमा आहे," ते म्हणाले. "बाहेर पडताना मिळेल."

मग उलगडा झाला तो असा. सामान त्यांनी वॉचमनकडे जमा केलं होतं. पावतीदाखल बिल्ला मागितला, तर वॉचमनकडे बिल्ला कुठला असणार? म्हणून बाबांनी स्वतःचाच जुना बिल्ला त्याला दिला आणि त्याच्याकडून रीतसर परत घेतला. भावाने विचारलं, बाहेर म्हणजे नेमकं कुठून बाहेर? बाबा दरीकडे बघत राहिले. चूक त्यांच्या लक्षात आल्याचं त्यांच्या कानांवरून कळलं, ते लाल झाले होते. तरी ते म्हणाले की नियमाप्रमाणे यात काही चुकलेलं नाही, सामान गाडीत आलं का ते हिने बघायला हवं होतं. मला इतका राग आला की मी त्या पातेल्याला विनाकारण एक लाथ घातली.

शेजारच्या गाडीत सुरतेचं कुटुंब होतं. त्यांच्याकडे तळण चालू होतं, आल्याचा वास येत होता. तिथल्या सूनबाईने हाक मारली, "मासी, चा पीशो?" आई उठलीसुद्धा. तेवढ्यात बाबांनी तिचा हात धरला. डोंगरातला तुझा पहिला चहा माझ्या हातचा व्हायला हवा, सकाळपर्यंत थांब, काडेपेटी मी सकाळी मागून आणतो, रात्रभर ती गाडीत नको. मला वाटलं, आता आई सगळ्यांच्या देखत त्यांची हजामत करणार. चार वाजताच्या चहाआधी ती कुणाशी धड बोलत नाही. पण ती खाली बसली. कपाळाला घट्ट रुमाल बांधून तिने दशम्या लोणच्याशी कोरड्याच खाल्ल्या आणि बाबांशी एक अक्षर न बोलता झोपली. तिला हा चहा किती हवा होता, ते मला तेव्हा कळलं, आणि बाबांवरचा राग उलट वाढलाच.

उजाडताना बाबा माकडटोपी घालून शेजारी गेले. "आखुं बाकस राखो ने, काका," असं म्हणत सूनबाईच्या नवऱ्याने भरलेली काडेपेटी त्यांच्या हातात कोंबली. ती हातभर लांब धरून बाबा परत आले आणि त्यांनी आम्हाला गाडीबाहेर काढलं. माळाच्या टोकाला एक सागाचं झाड होतं, तिथे पांघरुणं लपेटून उभं राहायचं. वारा कुठला हे कळावं म्हणून त्यांनी माझी ओढणी काठीला बांधली. सिलिंडरच्या नळीला साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते पाहिलं. सुरतेची मंडळी खुर्च्या टाकून बघायला बसली. त्यांना वाटलं आमच्यात काही पूजा असते.

सगळं झालं, पण आई काही गाडीतून उतरेना. अंथरुणात चहा देईन म्हणालात ना, मग मी अंथरुणातच आहे, एवढंच तिने आतून सांगितलं. बाबांनी समजावलं, हळू आवाजात विनवलं, शेवटी चिडले. आई हलली नाही. मी झाड सोडून दाराशी आले. बाबा शेगडीसमोर हातात काडी धरून उभे होते आणि त्यांच्याने ती ओढवत नव्हती. मला हसू येत होतं ते तिथेच थांबलं.

"तू आत असताना मी नाही पेटवणार," बाबा म्हणाले.

आई उशीला टेकून बसली होती. ती अजिबात रागावलेली नव्हती.

"तुम्ही रोज आत असायचात," ती म्हणाली. "रिफायनरीचा भोंगा वाजला की तो तपासणीचा की खरा, हे मला कुणी येऊन सांगत नव्हतं. मी काय करत होते तेव्हा? चहाच टाकत होते ना?"

बाबांनी टोपी काढून बाकावर ठेवली. पहिली काडी मोडली, दुसरी ओढता ओढता विझली, तिसरीवर शेगडी भक्कन पेटली आणि ते दचकून बेसिनवर आपटले. चहा अगदीच वाईट झाला. पावडर बेताने घालतात हे त्यांना माहीत नव्हतं, आणि दूध उतू जाऊन निम्मंच उरलं. आईने दोन्ही हातांत कप धरून तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि अजून अर्धा कप मागितला. बाबांनी लगेच पातेलं चढवलं आणि काडी ओढली. एव्हाना मी आणि भाऊ आत येऊन त्यांच्या पाठीशीच उभे होतो, पण आम्हाला बाहेर काढायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.