पेटीवर बसलेली लुसेआने

"पेटी न्यायचीच आसंल तर माझ्यासकट उचला, हेडमास्तर. मी काय हितनं उठत न्हाई."

लुसेआने आमच्या शाळेची झाडूवाली. पुस्तकांच्या पेटीवर मांडी ठोकून बसलेली. तिला उचलायला अख्ख्या वावाऊ बेटावरचे गडी गोळा करावे लागले असते, आणि हेडमास्तर फेलेती तर अंगानं वाळक्या शेंगेसारखे. विणकामाच्या घराच्या दारातच घाम पुसत उभे राहिले.

डिसेंबरात शाळा सुटली की पुस्तकांची पेटी कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली हेडमास्तरांच्या खिशात. दोन महिन्यांनी पोरं परत यायची ती वाचणं विसरूनच. गेल्या साली लुसेआनेची नात लाविनिया पहिल्याच ओळीला अडली. वर्ग हसला, हेडमास्तरांनी तिला मागच्या बाकावर धाडलं. लुसेआने तेव्हा दारात झाडत होती. झाडतच राहिली. यंदा मात्र शेवटच्या दिवशी तिनं झाडलोट उरकली, कुलूप लागायच्या आत पेटी हातगाडीवर घातली आणि आमच्या विणकामाच्या घरात आणून आदळली.

तिथं आम्ही सातजणी केतकीच्या पातींच्या चटया विणतो, लुसेआने धरून. हात गुंतलेले, कान मोकळे. तिनं हुकूमच काढला: रोज एका घरच्या पोरानं वाचायचं, बायांनी ऐकायचं. पोर अडखळलं आणि कुणी हसलं, तर हसणारीनं दिवसभर शिंपल्यानं पाती खरवडायच्या. पहिल्याच दिवशी मी हसले. बोटं सोलून निघाली माझी.

"ते बघ, पानापानावर खोबरेलाचे डाग!" आज वाचायची पाळी लाविनियाची; तिच्या हातातल्या पुस्तकाकडे बोट करत हेडमास्तर ओरडले. "वरच्या साहेबांना काय तोंड दाखवू मी?"

"डाग पडल्यात म्हंजी वाचल्यात. तुमच्या कपाटात नुसती वाळवी वाचत हुती."

"कामावरनं काढीन तुला!"

"काढा की. मग वर्ग तुमीच झाडा. पर पेटी हितंच ऱ्हानार."

हेडमास्तर तडक आत आले आणि लाविनियाच्या हातातलं पुस्तक त्यांनी ओढून घेतलं. गोष्टीतला खलाशी तेव्हा फुटक्या होडीत बसून पाणी उपसत होता.

म्हाताऱ्या माफीनं हातातली पात खाली ठेवली. "त्यो बुडला का वाचला ते कळल्याबिगर माजा हात चालायचा न्हाई."

मीही हात मांडीवर ठेवले. मग सगळ्याच थांबल्या.

चटई हेडमास्तरांच्याच लेकीच्या लग्नाची. लग्न तीन आठवड्यांवर, चटई अजून अर्धी. आणि आमच्या सातजणींत त्यांची बायकोही होती.

"द्या पोरीला पुस्तक," ती म्हणाली. "न्हाईतर लेकीला नारळाच्या झावळीवर बसवून धाडा सासरी."

हेडमास्तरांनी पुस्तक दिलं. देताना म्हणाले, "एक जरी पान फाटलं, तर बघ."

"फाटलं तर चिकटवू," लुसेआने म्हणाली. "पोर इसरलं तर त्याला काय लावून चिकटवनार तुमी?"

ते उन्हात निघून गेले. लाविनियानं ओळीवर बोट ठेवलं. लुसेआने गुडघे धरत पेटीवरनं उठली आणि अंगणात वाळत घातलेल्या पाती उलटायला गेली.