घाटातलं धुकं आणि राधाक्का

आमची होमगार्डची महिला तुकडी औरंगाबादहून कन्नडच्या घाटात जत्रेच्या बंदोबस्ताला लागली. बायांची रांग लावायची, चुकलेली पोरं सांभाळायची, एवढंच काम. सेक्शन लीडर होती राधाक्का. मुकुंदवाडीला आम्ही शेजारी. भरतीला चौथी पास चालत होती, म्हणून मला तिनंच नेलं. मी चारचौघांत बुजायचे. ती म्हणाली, "बोलू नकोस. शिट्टी वाजव."

घाटावर पहिल्याच फॉलिनला, रांगेत उभं करून, कमांडर साहेबांनी समजावलं. धुकं म्हणजे पाण्याचे अगदी बारीक कण. इतके हलके, की खाली पडत नाहीत, हवेतच तरंगतात. उजेड त्यांच्यावर पडला की आपल्याच डोळ्यांवर परत येतो. टॉर्च कायम जमिनीकडं धरा.

जत्रा फुटली त्या सकाळी आपला हात आपल्याला दिसत नव्हता. बायापोरांनी भरलेली बस घाट उतरायला लागली आणि चौकीतला वायरलेस खरखरला.

"वळणावर ट्रक आडवा झालाय. गाडी सोडू नका. ओव्हर."

गाडी सुटली होती. राधाक्का आणि मी पळत सुटलो.

बस वळणाच्या अलीकडं थांबलेली सापडली. एका अंगाला दरी. दिवे पूर्ण लावलेले, आणि समोर नुसतं पांढरं. मागून गाडी आली तर बस ढकलली जाणार होती. थोडं पुढं, डोंगराच्या कडेला, बस उभी करण्याजोगी मोकळी जागा होती.

"दिवे बंद कर, दादा," राधाक्का ड्रायव्हरला म्हणाली.

"मग दिसंल कसं, बाई?"

"आता काय दिसायलंय?"

आत बाया हसल्या. ड्रायव्हरनं दिवे बंद केले.

टॉर्च गुडघ्याखाली धरून ती बसपुढं चालू लागली. "ये दादा. माझ्या आवाजावर ये. लई घाई नको, सासरी चालल्यावानी ये." मी मागं शिट्टी वाजवत होते. बस जागेवर लागली.

"तू बाया उतरव. वरून अजून गाडी यायलीय," एवढं सांगून ती चढावर गेली.

तो टेम्पो होता. त्याचेही दिवे पूर्ण लावलेले होते. "थांब, दादा," हा तिचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. एकदाच. टेम्पो थांबला, पण तिच्या अंगावरून पुढं येऊन.

राधाक्काच्या तेराव्याला त्या बसमधल्या बाया आल्या. ड्रायव्हरही आला, दाराशीच बसला. एका म्हातारीनं विचारलं, "आम्ही नुसता आवाज ऐकला, माय. दिसायला कशी होती ती?"

सगळ्या माझ्याकडं पाहू लागल्या.

"ठेंगणी," मी म्हणाले. "सावळी. हसली की तिचा डावा डोळा मिटायचा."