कातळावरचं शेणखत

कातळ लागला की आबा वहाणा काढून हातात घ्यायचे. सून हसायची. ते म्हणायचे, "आपुन बाजूला व्हतो. फुलास्नी पाय न्हाईत, त्यांनी जायचं कुटं?"

बेडशाजवळ त्यांच्या भातखाचराच्या वर हा उघडा कातळ. भाद्रपदात तुम्ही मावळात फिरला असाल, तर असल्या कातळावर निळीजांभळी, इवलीशी सीतेची आसवं ही फुलं पाहिली असतील. मी वडगावच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. दरवर्षी मुलांना तिथे न्यायची. आबांना आमच्या येण्याचं भारी कौतुक.

एका वर्षी गेलो, तर फुलांच्या जागी पोटरीएवढं गवत. आबा मान खाली घालून उभे.

"बाई, पोरं यायची म्हून औंदा चार पाट्या शेणखत टाकलं. हितल्या मातीत काय दम न्हाई. म्हनलं, उपाशी ऱ्हात असतील."

चूक माझी होती. ही झाडं निकस जागेतच टिकतात, हे मी मुलांना सांगत आले. राखण करणाऱ्या आबांना कधीच सांगितलं नाही.

कडेला एक रोप उरलं होतं. आबांच्या ओसरीवर मी सूक्ष्मदर्शक मांडला. मुळांसारख्या धाग्यांवर मोहरीहून लहान फुगे होते. आबा एक डोळा मिटून बघत राहिले.

"हिला दार हाय," ते हळूच म्हणाले.

फुग्याच्या दाराला केस असतात. पाण्यातला बारीक जीव केसाला लागला, की पापणी लवायच्या आत दार उघडतं, फुगा त्याला आत ओढतो आणि दार मिटतं. मातीत जे नाही ते ही झाडं असं मिळवतात. हे मी वर्षानुवर्षं शिकवलंय, पण त्या दिवशी आबांशेजारी बसून माझ्या अंगावर काटा आला.

"एवढी शानी ती," आबा म्हणाले, "अन् म्या तिला जेवाय घालाय गेलो."

मग ते गवत उपटत राहिले, खताची माती खरवडून पाटीने खाली आणत राहिले. दोन पावसाळे तिथे फूल आलं नाही. आपल्या हातून ती जागा कायमची मेली, हे त्यांच्या मनातून जाईना. मी "येतील" म्हणायची. खात्री मलाही नव्हती. गेल्या उन्हाळ्यात आबा गेले.

यंदा भाद्रपदात सुनेचा फोन आला, "बाई, येऊन बगा." गवत तिनेच उपटलं होतं. त्याच जागी सात फुलं होती.

मी एक रोप चिखलासकट उचलून धुतलं आणि भिंगाखाली धरलं. एका फुग्यात काहीतरी हलत होतं.

"आबा, बघा," माझ्या तोंडून निघून गेलं. सुनेने भिंगासाठी हात पुढे केला.