नाल्याची ओहोटी

नागपुरात समुद्र नाही, हे सरकारदरबारी मान्य करून घ्यायला माझं जवळजवळ एक वर्ष गेलं. आणि मान्य झालं तेव्हाही 'आमचं चुकलं' असं कुणी म्हणालं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे या हकिकतीत एखादा शहाणा अधिकारी येईल म्हणून कुणी वाट बघत बसायला नको. येत नाही.

सावनेरच्या रस्त्यावर, शहर संपतं तिथं, एका संशोधन संस्थेच्या आवारात जुनी अणुभट्टी आहे. वीज बनवणारी नाही. शास्त्रज्ञांच्या प्रयोगांसाठी खोल हौदाच्या तळाशी बसवलेली लहानशी भट्टी. ती कधीचीच बंद झाली, तिचं इंधनही नेलं; हौदातलं पाणी तेवढं उरलं. आता भट्टी मोडीत काढायची, भिंती फोडायच्या आणि ते पाणी शुद्ध करून मागच्या नाल्यात सोडायचं असं ठरलं. नाल्याच्या अलीकडे संस्थेची भिंत. पलीकडे माझ्या मावशीची विहीर.

मावशी संत्र्याची कलमं करते. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा, जगवायचा, विकायचा. नळ आला नाही की अख्खी गल्ली तिच्याच विहिरीवर घागरी घेऊन येते. पाणी सोडणार ही बातमी पसरली आणि तिचं नेहमीचं काटोलकडचं गिऱ्हाईक रोपं न उचलता उभं राहिलं.

"विहिरीचं पानी ठीक आहे ना बाई?"

"ठीक आहे."

"कोन म्हनते ठीक आहे?"

गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत गेलं. त्या संध्याकाळी तिनं मला फोन केला. "मले कागद पायजे. पानी सोडाच्या आधी माही विहीर तपासा, अन् सोडल्यावर पुन्हा तपासा. बस्स. तुमच्या मोर्चाचं मले काही सांगू नको."

मी ज्या संघटनेत काम करते तिथं वाक्य लहान आणि मागणी मोठी ठेवायला शिकवतात. मावशीची मागणी इतकी लहान होती की पत्रकाला मथळा सुचेना. शेवटी 'आधी विहीर तपासा, मग पाणी सोडा!' असं छापलं आणि पर्यावरण अहवाल वाचायला घेतला.

अख्खा वाचला. त्यात मावशीची विहीर नव्हती. 'परिसरात पाण्याचे वापरकर्ते नाहीत' असं स्वच्छ लिहिलं होतं. मात्र कोळी बांधव होते. त्यांची जाळी होती. खारफुटी होती, कासवांच्या विणीचा हंगाम होता. आणि आठव्या प्रकरणात, संस्थेच्या सहीशिक्क्यानिशी, एक अट होती: 'हौदातील पाणी केवळ ओहोटीच्या वेळी सोडण्यात येईल.'

कुठल्या तरी किनाऱ्यावरच्या प्रकल्पाचा अहवाल उचलला होता आणि गावाचं नाव बदललं होतं. कासवं तशीच ठेवली. मला इतका राग आला की मी ते पान मावशीला मोठ्यानं वाचून दाखवलं.

"कासवं आहेत, अन् मी नाही?" मावशी म्हणाली.

जनसुनावणीला मांडव पडला. ही सुनावणी म्हणजे लोकांनी आक्षेप सांगायचे आणि अधिकाऱ्यांनी ते लिहून घ्यायचे. पण आपल्याकडे मांडव पडला की सत्कार झालाच पाहिजे. सूत्रसंचालक बोलावला होता, तो एरवी लग्नांची स्वागतं करतो. दीप लावला. पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिलं. मग तो माइकवर म्हणाला, "आता ज्यांचे तीव्र आक्षेप आहेत, त्यांचं आपण टाळ्यांच्या गजरात स्वागत करूया!" आणि प्रत्येक आक्षेपवाल्याच्या हातात बोलण्याआधी एक गुलाब.

माझ्याही हातात आला. हातात गुलाब घेऊन कुणाला जाब विचारून बघा, मग मला सांगा.

"सर, आमच्या नाल्याला ओहोटी कधी येते?" मी विचारलं.

अहवाल लिहिणारा सल्लागार कोट घालून बसला होता. "मॅडम, ते प्रमाणित वाक्य आहे."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्याच अहवालांत असतं."

"मग विहीर का नाही?"

"विहीर प्रमाणित नाही."

मागून कुणीतरी ओरडलं, "अरे बावा, समुद्र आला त भूखंडाचे भाव वाढतीन, बोलू दे त्याले!" मांडव हसला. अध्यक्ष म्हणून बसलेल्या साहेबांनी हात वर केला. "ओहोटी हा शब्द व्यापक अर्थानं घ्यावा."

"घेऊ नका, खोडा," मी म्हटलं. "अहवाल दुरुस्त करा, विहीर घाला."

सल्लागारानं साहेबांच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि माइक चालू असल्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं: दुरुस्ती केली तर अहवाल नव्यानं प्रसिद्ध करावा लागेल, पुन्हा सुनावणी, पुन्हा मांडव. साहेबांनी मागे बघितलं. कनातीआडून पाटोडीच्या रश्श्याचा वास येत होता. "दुरुस्तीची आवश्यकता दिसत नाही," ते म्हणाले.

तिथं माझं डोकं फिरलं. "ठीक आहे! नका करू दुरुस्त. मग लिहिलंय तसंच वागा. ओहोटी येईपर्यंत एक थेंब सोडायचा नाही. आणि ओहोटी आली की नाही, हे माझी मावशी सांगेल. तुमचा सल्लागार नाही!"

मी खवचटपणे बोलले होते. मांडवातल्या प्रत्येकाला ते कळलं, पण साहेबांचं लक्ष रश्श्याकडे होतं. "सूचना रास्त आहे," ते म्हणाले. "अहवालाशी सुसंगत आहे. नोंद घ्या." टाळ्या पडल्या. सूत्रसंचालकानं मला दुसरा गुलाब दिला.

इतिवृत्त आलं तेव्हा त्यात ही अट होती, मंजूर, मावशीच्या नावासकट. संघटनेतले आमचे ज्येष्ठ दादा कागद दोनदा वाचून म्हणाले, "आपण अणुधोरणावर लढतोय, आणि तू ओहोटी घेऊन आलीस?"

"दादा, पाणी तर थांबलं ना?"

"पण याचं पत्रक कसं काढणार?"

खरंच काढता आलं नाही. प्रयत्न केला. 'ओहोटीचा विजय असो' असं कुठं लिहितात?

मग दर महिन्याला संस्थेचा एक कर्मचारी स्कूटरवर यायला लागला. 'ओहोटी आली' आणि 'ओहोटी आली नाही' अशा दोन चौकटींचा कागद घेऊन. तो आधी नाल्याच्या काठावर उभा राहून गंभीरपणे आत बघायचा. नाल्यात प्लास्टिक, जलपर्णी आणि एक तुटकी खुर्ची असायची. मग अंगणात येऊन चहा घ्यायचा.

"काय मावशी, आली का?"

"नाही आली गा."

"वरून विचारून राहिले, अंदाजे कधी येईल म्हणून."

"ते का मले फोन करून येते का?"

मावशी दुसऱ्या चौकटीत बरोबरची खूण करायची आणि सही करायची. मी सुरुवातीला चिडायचे. असल्या येडपट कागदावर सही काय करायची? पण त्या सगळ्या फायलीतलं खरं वाक्य तेवढं एकच होतं, 'ओहोटी आली नाही'. खोटं त्यांनी लिहिलेलं होतं. आम्ही फक्त ते पाळत होतो.

एकदा सल्लागार स्वतः आला. त्याच्याकडे कोकण किनाऱ्याचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक होतं. हेच इथं लागू केलं तर कसं, असं तो विचारत होता, आणि हसत नव्हता.

"तिथली ओहोटी तिथंच राहू दे बापू," मावशी म्हणाली. "आमची आमी पाहू."

पण गिऱ्हाईक आलं नव्हतं, हेही खरं. पाणी थांबलं होतं, कागद मिळाला नव्हता. वाफ्यातली कलमं खांद्याच्या वर, विकायच्या मापाबाहेर गेली होती आणि मावशी त्यांच्यापुढून जाताना मान दुसरीकडे करायची.

उन्हाळ्यात नाला आटला. दुसऱ्याच दिवशी जीप आली. साहेब, सल्लागार, फोटोग्राफर. साहेब कोरड्या नाल्याकडे बोट दाखवून म्हणाले, "घ्या. पाणी पूर्ण उतरलंय. ओहोटी. करा सही."

मावशीनं माझ्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती दिसली. नाला खरोखरच रिकामा होता.

"भरती कधी आली होती?" मी म्हटलं.

"काय?"

"ओहोटी भरतीनंतर येते सर. भरतीची नोंद दाखवा, मावशी लगेच सही करेल."

सल्लागारानं फाईल उघडली. तो खरंच शोधत होता. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली केला. मावशी खाटेवर बसून म्हणाली, "पाहा बावा नीट. मले काही घाई नाही." खोटं. तिला सगळ्यांपेक्षा जास्त घाई होती.

साहेब जीपला टेकून उभे राहिले, घाम पुसला. मग फार थकलेल्या आवाजात म्हणाले, "शुद्धिपत्रक काढलं तर? समुद्र वगळून?"

"समुद्र वगळा," मी म्हटलं. "आणि त्याच पानावर विहीर घाला. पाणी सोडायच्या आधी तपासणी, नंतर तपासणी, दोन्हींचा कागद मावशीच्या हातात."

"सुनावणी नको?"

मी मावशीकडे बघितलं. ती म्हणाली, "नोको. ते गुलाबवालं नोकोच."

शुद्धिपत्रक एका परिच्छेदाचं निघालं. कोळी, कासवं, खारफुटी आणि ओहोटी गेली, एक विहीर आली. दादांनी ते वाचलं आणि म्हणाले, "अणुधोरणाचं काय?" ते आहे तिथंच आहे दादा. त्याचं पत्रक वेगळं लिहिते आहे, उद्गारचिन्हांसकट.

परवा तपासणीवाला आला. त्याच्या खोक्यात स्वच्छ बाटल्या होत्या आणि प्रत्येकीवर आधीच छापलेली चिठ्ठी: 'नमुना प्रकार: सागरी'.

"छापूनच आल्यात मॅडम," तो मला म्हणाला. "काही फरक नाही पडत."

मावशीनं दोर हातात घेतला होता. तो तिनं परत रहाटाला गुंडाळला. गल्लीतल्या बाया घागरी घेऊन थांबल्या.

"काहून थांबल्या मावशी? भरा ना," तपासणीवाला म्हणाला.

"पेन आहे का तुह्याजवळ?"

त्यानं खिशातून पेन काढलं.

"ते खोड. अन् विहीर लिही. सगळ्याइवर."

तो बाटल्या मांडीवर घेऊन एकेका चिठ्ठीवरचं 'सागरी' खोडायला बसला. मावशी त्याच्या डोक्याशी उभी राहून प्रत्येक बाटली बघत होती. शेवटच्या बाटलीवर विहीर लिहून झालं, तेव्हा तिनं बादली सोडली.