माझा निरोप समारंभ

फरीदाबादच्या आमच्या ऑफिसात शेजारी बसणारी ती नागपूरची मुलगी स्वतःचा कपसुद्धा आणत नसे. "काका, एकाच नोकरीत राहिलं की पगार नाही, नुसतं सामान वाढतं यार," म्हणायची. माझ्या टेबलावर गणपती, खुर्चीत उशी, खाली घरच्या चपला.

नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाला समोशाबरोबर माझं निरोपाचं भाषण ऐकावं लागतं. तिच्या वेळीही मी उठलो, तर तिनेच मला खाली बसवलं. काका रिटायर होतील तेव्हा त्यांना ओळखणारं इथे कुणीच उरलेलं नसेल, म्हणून त्यांचा निरोप आजच, असं तिने हिंदीत जाहीर केलं. बोललीही इतकं छान, की माझे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी ती नव्या नोकरीवर गेली. निरोप मिळालेला मी मात्र नेहमीसारखा टेबलाखाली वाकून घरच्या चपला शोधत होतो.