बायपास टाळणारा डॉक्टर

चाळीस वर्षे दवाखान्यात बसलेल्या माणसाकडे किस्से आपोआप साठतात. माझ्याकडच्या किश्शांत हसणारा मी असे आणि हसे होई ते रुग्णांचे. हे न्याय्य नव्हते. यंदा देवाने ती उणीव भरून काढली.

*

नागपूरच्या सर्जनने माझी अँजिओग्राफी पाहिली. "बायपास याच महिन्यात. उशीर जिवावर बेतेल."

मी म्हणालो, "संत्र्याचा बहार आटोपला की पाहू."

मला बाग नाही. ही सबब माझ्या रुग्णांची आहे. ऐकून ऐकून पाठ झाली होती!

*

कंपाउंडरला बजावले, "कोणाला सांगायचे नाही."

दुसऱ्या दिवशी माझा सौंसरचा दवाखाना भरून गेला. पार रामाकोन्याहून माणसे आली होती. नंबर मात्र एकानेही लावला नाही. सगळी मला पाहायला आली होती!

*

धोटे गुरुजी निवृत्त शिक्षक, मधुमेही. त्यांच्या खिशात संत्रा बर्फी सापडली. मी ती जप्त केली आणि संयमावर दहा मिनिटे सुनावले.

गुरुजींनी शांतपणे ऐकले. "डॉक्टर साहेब, मी बर्फी सोडतो. तुम्ही भीती सोडता काय?"

मी बर्फी परत केली.

*

शनिवारी जामसांवलीला गेलो. निजलेल्या मारुतिरायापुढे हात जोडून पुटपुटलो, "ऑपरेशन टळू दे, सव्वा किलो पेढे वाहीन."

मागून आवाज आला, "काऊन सायेब? मोतीबिंदूच्या टायमाले तुमीच तर मले म्हणाले होते, आधी ऑपरेशन, मंग नवस!"

ती सकुबाई. वय ऐंशी, ब्लडप्रेशरसाठी दरमहा माझ्याकडे येणारी. देवासमोर खोटे बोलवेना. म्हणालो, "सकुबाई, मला भीती वाटते."

"वाटू द्या. मी का हासत गेली होती? तुमी सोडलं होतं का मले? तारीख घ्या. मी येतो संगं."

देवळातून निघण्याआधी मी फोन करून तारीख घेतली. सकुबाई शेजारीच उभी होती. दुसरा उपाय नव्हता.

*

ऑपरेशनच्या सकाळी मुलाची रेल्वे वाटेतच अडकली. पत्नी हयात नाही. संमतिपत्रावर माझी सही झाली, नातेवाइकाची राहिली. बोलल्याप्रमाणे सोबत आलेली सकुबाई पिशवी सावरत काउंटरपुढे गेली आणि तिने अंगठा पुढे केला.

क्लार्कने विचारले, "पेशंटशी नाते काय?"

"मी पेशंट."

"अहो आजी, पेशंट तर हे आहेत!"

"हे आत्ता झाले," सकुबाई म्हणाली. "मी तीस वर्षांपासून आहो. लिवा!"